तपासणी कुठे, किती आणि कशाची

भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत चौदा रुग्ण दगावले. ज्या आजारासाठी ते दाखल झाले होते, त्या आजाराने ते गेले नाहीत. मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. रोजच्या बोलण्यात आपण त्यालाच ग्लिसरीन म्हणतो. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. १९८८मध्ये त्याचा अहवाल लोकांपुढे आला. रुग्णालयाचे प्रशासन, औषधखरेदी आणि अन्न व औषध प्रशासन या सगळ्यांवर त्यात कडक ताशेरे होते, आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्राच्या आठवणीत हे प्रकरण भ्रष्टाचाराचे म्हणून राहिले आहे, आणि ते खोटे नाही. पण त्याची दुसरी बाजू फारशी कुणी बोलून दाखवत नाही. चौदा जीव घेणारा हा पदार्थ जुना होता, स्वस्त होता आणि सर्वांच्या ओळखीचा होता. त्याची कुणाला धास्ती वाटत नव्हती. कारखान्यापासून रुग्णाच्या तोंडापर्यंतच्या वाटेवर त्याला कुठेच कुणी अडवले नाही, त्याला लाचलुचपतीइतकीच ही गाढ निर्धास्तीही कारणीभूत होती, असे मला वाटते.

औषधे, खाण्याचे पदार्थ आणि घरात वापरायच्या वस्तू यांची सरकारने व उत्पादकाने कशी तपासणी करावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. तपासणीचा जोर जोखमीच्या मानाने कमी-अधिक असावा, हे त्यामागचे सूत्र. सूत्र म्हणून ते कुणीही मान्य करील. भांडण सुरू होते ते जोखीम कशाने मोजायची यावर. आपल्याकडे ती बहुधा भलत्याच मापाने मोजली जाते. महाग औषधाची काळजी जास्त, स्वस्ताची कमी. मोठ्या उलाढालीच्या धंद्याला परवाना, छोट्याला नुसती नोंदणी. नव्या गोष्टीकडे संशयाने पाहायचे आणि जुनी गोष्ट डोळे मिटून घ्यायची. या मापांचा रुग्णाच्या जिवाशी संबंध जेमतेमच आहे. वस्तूत काही बिघडले तर जास्तीत जास्त काय होऊ शकते, ते कुणाला होईल, झालेले नुकसान भरून येणारे आहे का, आणि वापरणाऱ्याला ते आधी ओळखता येईल का, हे विचारल्याशिवाय जोखीम कळत नाही. यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नासलेले दूध नाकाला कळते. बेशुद्ध रुग्णाला नळीतून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये काय आहे, हे त्याला कळत नाही, त्याच्या नातेवाइकांना कळत नाही आणि देणाऱ्या परिचारिकेलाही कळत नाही. जिथे वापरणाऱ्याची नजर पोचत नाही, तिथे दुसऱ्या कुणाची तरी नजर सक्तीने असली पाहिजे.

ग्लिसरीनचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल ही दोन्ही द्रव्ये रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. ग्लायकॉल स्वस्त पडते; कारखान्यांत ते विद्रावक म्हणून आणि इतर अनेक कामांना लागते आणि त्याचा व्यापार पूर्णपणे कायदेशीर आहे. माल पिंपातून कॅनमध्ये, कॅनमधून बाटलीत, एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी लागते आणि मूळ प्रमाणपत्राची फक्त नक्कल पुढे सरकते. पण हा फरक ओळखणे अवघड आहे का? मुळीच नाही. शुद्ध ग्लिसरीनच्या एक लिटरचे वजन सुमारे १२६० ग्रॅम भरते, डायएथिलीन ग्लायकॉलचे सुमारे ११२०. सगळे पिंपच बदललेले असेल, तर साध्या तराजूवरही शंका यावी. भेसळ थोडी असेल तर वजनावर भागत नाही. मग सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी घ्यायची, तिच्यावर नमुन्याचा एक ठिपका आणि शेजारी शुद्ध द्रव्यांचे ठिपके द्यायचे आणि पट्टीचे टोक विद्रावकात बुडवून ठेवायचे. विद्रावक वर चढताना प्रत्येक द्रव्याला आपापल्या वेगाने सोबत नेतो; नंतर रंग दिला की ग्लायकॉलचा ठिपका वेगळा उठून दिसतो. या कामाला फार महाग यंत्र लागत नाही, फार दिवसही लागत नाहीत. भारतीय औषधसंहितेत या विषाची मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे एका बाजूला जीवघेणी आणि न दिसणारी जोखीम, दुसऱ्या बाजूला स्वस्त आणि खात्रीची चाचणी. प्रत्येक पिंपाची तपासणी सक्तीची करायला याहून सबळ कारण मिळणे कठीण. पनामात २००६मध्ये याच भेसळीने झालेल्या मृत्यूंनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७मध्ये आपल्या उत्पादकांना ग्लिसरीनसाठी अशाच चाचणीचा आग्रह धरला.

जोखीम जास्त असली की तपासणी जास्त, एवढ्याने मात्र भागत नाही. तपासणी कुठल्या जातीची हवी, हेही जोखमीवरून ठरते, आणि हे समजायला मुंबईतल्या परळला जावे लागते. मुंबईत प्लेग आल्यावर १८९६मध्ये वाल्डेमार हाफकिन इथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. आजची हाफकिन संस्था तीच. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी परळहून गेलेल्या पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. सरकारी चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर टाकला: हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीतून कार्बोलिक आम्ल वगळले होते, हा त्यांच्याविरुद्धचा मोठा मुद्दा होता. हाफकिन यांचे काम थांबवण्यात आले. पुढे लंडनच्या लिस्टर संस्थेने कागदपत्रे तपासली. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ १९०७मध्ये जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले गेले, हे या फेरतपासणीत पुढे आले.

या दोन प्रकरणांतून निघणारा धडा मात्र एक नाही. ग्लिसरीनमध्ये दोष मालात होता, म्हणून पिंप तपासले असते तर दोष सापडला असता. मुलकोवालमध्ये पाचांपैकी एक बाटली बिघडली आणि तीही अखेरच्या क्षणी. परळमध्ये शेकडो बाटल्यांचे नमुने तपासले असते, तरी सगळे स्वच्छच निघाले असते. निर्जंतुकपणा नमुना तपासून मिळत नाही. तो कामाच्या शिस्तीतून मिळवावा लागतो, बाटली भरणाऱ्यापासून ती उघडणाऱ्यापर्यंत. म्हणून 'तपासण्या दुप्पट करा' ही मागणी ऐकली की आधी विचारले पाहिजे: कुठल्या टप्प्यावर? दोष जिथून आत शिरतो, तिथे पहारा नसेल, तर दुसऱ्या दारावर चौघे उभे करून काही साधत नाही.

आता जोखमीच्या मानाने तपासणी या सूत्रावरचा पहिला आक्षेप. जीव सगळ्यांचा सारखा, मग तपासणी सारखी का नको? भावना म्हणून हे पटते. कारभार म्हणून टिकत नाही. देशात औषधे बनवणारे दहा हजारांहून अधिक कारखाने आहेत आणि निरीक्षक मोजके. सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला वरवरची एक फेरी येते, नोंदवह्यांवर सह्या होतात आणि खरोखर धोकादायक कारखानाही तेवढ्याच सहीवर सुटतो. सारखी तपासणी म्हणजे सर्वांत कमकुवत तपासणी, असा तिचा व्यवहारातला अर्थ होतो. उलट, श्रेणी लावून काम नीट होते याचा पुरावा आपल्याच नियमांत आहे. लसीचा प्रत्येक गट बाजारात येण्यापूर्वी कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून पास व्हावा लागतो. गोळ्यांचे नमुने मात्र बहुतेक वेळा बाजारातून उचलून तपासले जातात. लस निरोगी माणसाला, बहुधा तान्ह्या मुलाला आणि एका वेळी लाखोंना टोचली जाते, म्हणून हा फरक योग्यच आहे. २०१७च्या वैद्यकीय साधनांच्या नियमांत ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. जखमेवरची साधी पट्टी खालच्या वर्गात, हृदयाची कृत्रिम झडप सर्वांत वरच्या. निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या ए वर्गाच्या साधनांना २०२२मध्ये परवान्यातून सूट मिळाली, पण त्याच वर्गातल्या निर्जंतुक साधनांना ती मिळाली नाही. मुलकोवालच्या बाटलीचा धडा त्या नियमात उतरला आहे, असे मी म्हणेन. परळच्या केईएम, टाटा किंवा वाडिया रुग्णालयात एका खाटेभोवती या चारही वर्गांतल्या वस्तू असतात. त्या सगळ्यांना एकच नियम लावला, तर एक तर पट्टी महाग होईल, नाही तर झडप स्वस्तात सुटेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांची भीती अनाठायी नाही. जोखीम पाहून तपासणी म्हणजे उद्योगांना दिलेली सवलत, असे ते म्हणतात: आधी श्रेणी लावायची आणि मग हळूहळू एकेक वस्तू खालच्या श्रेणीत सरकवायची. असे होऊ शकते. २०२२मध्ये गांबियात भारतात बनलेली खोकल्याची औषधे घेतलेली मुले दगावल्याची बातमी आली आणि जगभर बोभाटा झाला. त्यानंतर भारत सरकारने १ जून २०२३पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांना सरकारमान्य प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. देशात विकल्या जाणाऱ्या त्याच औषधांना ही अट लागू नव्हती. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध प्यालेली मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, वीसहून अधिक. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात तिथल्या प्रशासनाला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मर्यादा ०.१ टक्का. परदेशी मुलासाठी जी चाचणी सक्तीची होती, ती छिंदवाड्याच्या मुलासाठी नव्हती. रसायन तेच, मूत्रपिंडे तशीच, मग श्रेणी वेगळी का? तिथे जोखीम मुलाच्या शरीरावरून मोजलीच नव्हती. परदेशात होणाऱ्या नाचक्कीवरून मोजली होती. म्हणून या आक्षेपाला माझे उत्तर असे की दोष श्रेणी लावण्यात नाही, तो चुकीच्या मापाने श्रेणी लावण्यात आहे, आणि त्याचा उपाय म्हणजे माप लोकांसमोर उघडे ठेवणे. एखादी वस्तू कुठल्या वर्गात आहे आणि का आहे, हे छापील स्वरूपात कुणालाही वाचता आले, तर 'निर्यातीला हो, देशात नाही' असा भेद एक वर्षही टिकणार नाही.

कुणी म्हणेल, जोखीम आधी कळते कुठे? १९८६मध्ये ग्लिसरीन धोक्याचे आहे हे कुणाला ठाऊक होते? हे म्हणणे ऐकायला रास्त, पण इतिहासाच्या विरुद्ध आहे. अमेरिकेत १९३७मध्ये सल्फानिलअमाइडचे एक पातळ औषध याच डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. १९३८चा तिथला औषध कायदा त्यातून आला. मद्रासमध्ये १९७२मध्ये याच विषाने मुले मेली. म्हणजे जे. जे.च्या वेळी जगाला या विषाची ओळख होऊन जवळजवळ पन्नास वर्षे आणि आपल्या देशाला चौदा वर्षे झाली होती. त्यानंतरही १९९८मध्ये गुडगावात, २०२०मध्ये जम्मूत तेच घडले. एकाच विषाने पुन्हा पुन्हा बळी घेतले, तर त्याला अज्ञान म्हणता येत नाही. ज्ञान होते, ते नियमाच्या चौकटीत, पिंपाशेजारी, खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले नव्हते. खरोखर नवी, कुणालाच ठाऊक नसलेली जोखीम असतेच. तिच्यासाठी श्रेणी बदलण्याची सोय हवी आणि मृत्यूची बातमी गावच्या डॉक्टरकडून प्रयोगशाळेपर्यंत झटपट पोचण्याची वाट हवी. पण जुन्या, सिद्ध जोखमीचे पाप अनिश्चिततेच्या माथी मारू नये.

लहान उत्पादकांचा प्रश्न राहतो, आणि परळ-लालबागला तो परका नाही. उन्हाळ्यात लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्या गोणीतून काढून गिऱ्हाइकापुढे ठेवल्या जातात. बाई मिरची मोडून, हुंगून पाहते, बी किती आहे ते बघते, मग ती भाजून डंकावर कुटून घेते. इथे माल डोळ्यांपुढे आहे. अख्ख्या मिरचीला रंग फासून आणणे कठीण, आणि फासलाच तर बोटाला लागतो. तयार तिखटाच्या बंद पाकिटात काय आहे ते मात्र तिला कळायचा मार्ग नाही. २००३मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत सुदान हा कापडा-मेणाचा रंग सापडला, तो पुडीतच. तेव्हा निरीक्षकाचा वेळ डंकावर कमी आणि पुडी दळून भरणाऱ्या ठिकाणी जास्त जायला हवा, मग ते ठिकाण मोठे असो की लहान. लहान म्हणून सूट देणे मला मान्य नाही आणि लहान म्हणून छळणेही नाही. खेळण्यांच्या बाबतीत सरकारने २०२१पासून प्रमाणचिन्ह सक्तीचे केले आणि नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून वगळले. कारागिराला जगवण्याचा हेतू योग्यच. पण तान्हे मूल खेळणे तोंडात घालते तेव्हा ते कारखान्यातले की कारागिराचे, हे रंगातल्या शिशाला माहीत नसते. कारागिराला सगळी कागदपत्रे माफ करावीत, पण रंगाची चाचणी माफ करू नये. तिचा खर्च सरकारने उचलावा. तो खर्च मोठा नाही आणि एका मुलाच्या मेंदूपुढे तर काहीच नाही.

सणासुदीला अन्न व औषध प्रशासन दादर-गिरगावच्या मिठाईच्या दुकानांत आणि माव्याच्या गाड्यांवर धाडी घालते. त्यावर दिखाऊपणाचा आरोप होतो. मला त्यात तथ्य कमी वाटते. बाहेरून येणारा मावा उन्हात तासन्‌तास प्रवास करतो, गणपती-दिवाळीत मागणी एकदम वाढते, भेसळीचा मोह वाढतो. जोखीम वाढते तेव्हा तपासणी वाढवणे हेच योग्य आहे. अडचण वेगळीच आहे. ग्लिसरीनला सणवार नसतो. ज्या जोखमीला ठरलेला काळ नाही आणि जिची बातमी होत नाही, तिच्यासाठी वर्षभर मुकाट्याने चालणारी यंत्रणा लागते. केंद्रीय औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२पासून जोखीम पाहून कारखाने निवडून तपासायला सुरुवात केली आहे. डिसेंबर २०२३मध्ये औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियमही सुधारले. दिशा बरोबर आहे. पण कोणता कारखाना का निवडला आणि तिथे काय सापडले, हे लोकांना सविस्तर कळत नाही, तोवर निवड करणाऱ्याच्या हाती प्रचंड मोकळीक राहते, आणि अशा मोकळिकीचे काय होऊ शकते हे लेंटिन आयोगाच्या अहवालाने या शहराला दाखवून दिलेले आहे. निष्कर्ष प्रसिद्ध केले की प्रामाणिक निरीक्षकाला संरक्षण मिळते. लपवाछपवीचा फायदा दुसऱ्यांना होतो.

हे पुस्तक कायद्याच्या जाणकारांसाठी आहेच, पण त्याचे खरे वाचक रुग्णालयांच्या खरेदी समित्यांत बसणारे, औषधांच्या दुकानात उभे राहणारे आणि छोट्या कारखान्यांत माल उतरवून घेणारे आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्या हातून ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा सॉर्बिटॉल जाते, त्यांना एकच विनंती: पुढच्या वेळी पिंप उतरेल तेव्हा त्याच पिंपाचा, त्याच गटक्रमांकाचा डायएथिलीन ग्लायकॉलचा चाचणी अहवाल मागा, आणि तो समोर येत नाही तोवर माल उतरवून घेऊ नका.